मळ्यातलं घर आणि पहिला तास

पुण्या-मुंबईत, नाही तर सुरत-बडोद्याकडे स्थिरावलेल्या खानदेशी कुटुंबाचं सुट्टीचं घर बहुधा मळ्यात असतं. गावातल्या वाड्याच्या वाटण्या झालेल्या असतात, गल्लीत गाडी वळत नाही. म्हणून विहिरीजवळच्या जुन्या खोलीला लागून दोन नव्या खोल्या चढतात. पुढे ओटा, त्यावर झोका, गच्चीवर पाण्याची टाकी. सातपुड्याच्या पायथ्याला यावल-रावेरकडे, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या अंगाला, धुळ्याच्या बाजूला साक्री-पिंपळनेरकडे किंवा शिरपूर तालुक्यात अनेर धरणाच्या आसपास अशी घरं दिसतात. वर्षातून तीनदा ती भरतात. आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, श्रावणात कानबाईच्या रोटांना आणि थंडी पडली की भरिताला. एरवी तिथे सालदार, म्हणजे सालाने ठेवलेला गडी, राहतो, त्याची बायको-मुलं राहतात, बैलजोडी आणि कुत्रं राहतं. घर कोणाचं, या प्रश्नाला सातबाऱ्यावर एक उत्तर आहे आणि रात्री अडीच वाजता दुसरं. या लेखात मला त्या दुसऱ्या उत्तराविषयी लिहायचं आहे.

अशा घरात अचानक कोणी आजारी पडलं तर काय, हा प्रश्न सुट्टीला येणाऱ्यांना पडत नाही असं नाही. पडतो, आणि तो बहुतेक वेळा औषधांच्या दुकानात सुटतो. एक प्लास्टिकची पेटी घेतली जाते. तीत कापूस, पट्ट्या, तापाच्या गोळ्या, पोटदुखीचं औषध आणि ऑक्सिमीटर भरतात आणि ती कपाटात वरच्या फळीवर जाते. पेटी असावी, तिला माझा विरोध नाही. पण माणूस दगावतो तो पट्टी नसल्यामुळे क्वचितच. तो घर आणि उपचार यांच्यामधल्या वेळात दगावतो. तो वेळ कमी करतात ती तीन माणसं: कुठे जायचं हे आधीच माहीत असलेला, जाण्याचं साधन ज्याच्या हाती आहे तो, आणि प्रसंगाच्या क्षणी तिथे हजर असलेला. मळ्यातल्या घरात हा तिसरा माणूस जवळजवळ नेहमी सालदार असतो. म्हणून माझं म्हणणं असं, की सुट्टीच्या घराची तयारी पाहुण्यांच्या चार दिवसांसाठी न करता बारा महिने राहणाऱ्यासाठी करावी. ती त्याच्यासाठी झाली तर पाहुण्यांसाठी आपोआप होते. उलट मात्र होत नाही.

आधी साप घेऊ, कारण मळ्यातली पहिली धास्ती तीच. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या पावसाच्या चार महिन्यांतले. त्याआधीच्या, २०११ साली आलेल्या अभ्यासातला एक आकडा मला अधिक बोलका वाटतो. सर्पदंशाने गेलेल्या शंभरांतले ७७ जण दवाखान्याबाहेर गेले. औषध हरलं म्हणून ते गेले नाहीत, औषधापर्यंत पोहोचलेच नाहीत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचं उद्दिष्ट ठेवलं. ते गाठायचं असेल तर त्याचा मोठा भाग रस्त्यावर गाठावा लागेल.

आपल्याकडे मिळणारी प्रतिसर्पविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांच्या विषावर चालते. ती शिरेतून द्यावी लागते. सुरुवातीलाच आठ-दहा कुप्या लागतात आणि ती देताना रुग्णाला तीव्र रिअॅक्शन येऊन रक्तदाब कोसळू शकतो. त्यामुळे 'फार्महाऊसच्या फ्रीजमध्ये दोन कुप्या ठेवू' हा विचार कोणाच्या मनात येत असेल तर तो तिथेच थांबवावा. ती जिथे डॉक्टर, सलाइन आणि रिअॅक्शनवरचं इंजेक्शन हाताशी आहे तिथेच द्यायची. घरी करायचं ते इतकंच: माणसाला धीर द्यायचा, अंगठी-कडं-पैंजण काढायचं, चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला बांधून स्थिर ठेवायचा, त्याला चालवायचं नाही आणि निघायचं. आवळून दोरी बांधणं, ब्लेडने चिरणं, तोंडाने ओढणं, मिरची चाखायला देऊन विष चढलं का पाहणं, यातलं काहीही उपयोगाचं नाही आणि पहिली दोन तर घातक आहेत. साप मारून पिशवीत घालून नेण्यात वेळ जातो आणि कधी दुसरा माणूस चावून घेतो. डॉक्टर लक्षणांवरून उपचार ठरवतात. घोणस किंवा फुरसं असेल तर रक्त गोठतं की नाही हे ते काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत घेतलेल्या थोड्याशा रक्तावरून पाहतात. नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची आणि मग तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष भिनलं आहे. या परीक्षेला मोठं यंत्र लागत नाही.

मण्यारीचं प्रकरण वेगळं, आणि मळ्यात राहणाऱ्याने ते नीट समजून घ्यायलाच हवं. ती रात्री येते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि चावल्याचं बऱ्याचदा कळतही नाही. ना सूज, ना रक्त. पहाटे पोटात दुखतं, घशाशी येतं, पापण्या जड होऊन मिटायला लागतात. घरचे म्हणतात, रात्री काही खाण्यात आलं असेल. ओवा दिला जातो, थोडं पडून राहायला सांगतात. दोन तासांत जीभ जड होते, मग श्वास. अशा रुग्णाला लशीइतकीच व्हेंटिलेटरची गरज असते, म्हणजे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात पहिला उपचार घेऊन पुढे मोठ्या रुग्णालयात जावं लागतं. यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय खाट आणि मच्छरदाणी. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचलेली हवी. पाहुण्यांच्या खोलीत एसी बसतो, सालदाराचं कुटुंब ओट्यावर गोधडी टाकून झोपतं. दंश कोणाला होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

इथे बिबट्याचा विषय निघतोच. २०१७ च्या हिवाळ्यात चाळीसगाव तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली, शेवटी त्याला गोळी घालावी लागली, आणि तेव्हापासून मळ्यातल्या घरांना जाळ्या आणि हॅलोजन बसले. भीती खरी होती. पण वर्षानुवर्षांचा हिशेब मांडला तर खानदेशातल्या शिवारात माणसाला धोका पायाखालून जास्त आहे. कृषिपंपांची वीज आठवड्याआड रात्रीची येते. रात्री लाइट आली की सालदार बॅटरी घेऊन मोटर चालू करायला निघतो, केळीच्या ओळींतून, चपलांवर. त्याला पोटरीपर्यंतचे गमबूट आणि चांगली बॅटरी मालकाने घेऊन दिली तर ती हॅलोजनपेक्षा स्वस्त पडेल आणि अधिक कामाची ठरेल.

विंचवाच्या बाबतीत महाराष्ट्राने जगाला शिकवलं आहे, हे आपल्याच लोकांना पुरेसं ठाऊक नाही. लाल विंचवाच्या दंशाने हृदय आणि फुप्फुसं निकामी होऊन मुलं दगावत. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रायगड जिल्ह्यात, महाड-बिरवाडीच्या परिसरात, अशा रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ साली त्या 'लॅन्सेट'मध्ये छापून आल्या आणि पुढे प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध त्यांनी या दंशावर वापरलं. शंभरांत तीसच्या घरात असलेलं मृत्यूचं प्रमाण त्याने अगदी थोडक्यावर आणलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुट्टीच्या घराच्या संदर्भात या कामातून घ्यायचं ते लक्षण. नुसत्या वेदना होत असतील तर धोका कमी. वेदना फारशा नाहीत पण घाम फुटलाय, उलट्या होतायत, हातपाय गार पडलेत, तर एक मिनिट दवडू नये. भरिताच्या रात्री हे लक्षात ठेवायला हवं. भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावर भाजायची, आणि त्या काड्यांचा ढीग बांधाला महिनोन्‌महिने पडून असतो. अंधारात कोणी तरी उत्साही पाहुणा त्यात हात घालतो आणि काड्यांचा भारा कवेत घेतो. एकीकडे बडगीत मिरच्या ठेचल्या जातात, एकीकडे कळण्याच्या भाकरी थापल्या जातात, ढिगाकडे कोणाचं लक्ष नसतं. काड्या दुपारी, उजेडात, काठीने झोडून मोकळ्यावर आणून ठेवायला अर्धा तास लागतो.

आता रस्ता. खानदेशातली काळी माती कापसाला सोनं आहे आणि गाडीला काळ. जुलै-ऑगस्टमध्ये दोन दिवस झड लागली की डांबरी सडकेपासून मळ्यापर्यंतची गाडवाट चाकाला चिकटते, फिरलेलं चाक आणखी रुततं. अॅम्ब्युलन्स सडकेवर उभी राहते आणि रुग्ण एक-दीड किलोमीटर आत असतो. त्या अंतरासाठी ट्रॅक्टर किंवा बैलगाडी लागते. शेजारच्या शिवारात ट्रॅक्टर कोणाकडे आहे, रात्री त्याची किल्ली कुठे असते, तो कोणाच्या फोनवर येईल, हे कानबाईच्या आधी विचारून ठेवायला संकोच वाटू नये. चार बांधांवरच्या लोकांनी मिळून पाणंद रस्त्यावर मुरूम टाकून घेतला तर तो पिकाच्या गाडीलाही चालतो. सरकारची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना त्यासाठीच आहे, फक्त बांधावरची भांडणं मिटवून एकत्र अर्ज करावा लागतो. आमच्याकडे भाऊबंदकीचा हिशेब बांधावर चुकता होतो, आणि रस्ता अडवण्यात त्याचं व्याज वसूल होतं. ज्याने वाट अडवली त्याचाही नातू त्याच वाटेने दवाखान्यात जायचा असतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की आता १०८ आहे, एक फोन केला की झालं. १०८ ही चांगली सेवा आहे आणि तिच्याविषयी कुत्सितपणे बोलण्याचं कारण नाही. २६ जानेवारी २०१४ पासून महाराष्ट्रात ती सुरू झाली, ९३७ गाड्यांनिशी. त्यांतल्या २३३ गाड्या अतिदक्षतेच्या सोयींनी सज्ज होत्या, ७०४ मूलभूत सोयींच्या. सेवा फुकट, गाडीत डॉक्टर. पण राज्याचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर आहे. त्या सुरुवातीच्या संख्येवर सरासरी काढली तर एका गाडीच्या वाट्याला सव्वातीनशे चौरस किलोमीटर येतात, आणि सरासरी डोंगराळ भागाला नेहमीच फसवते. गाडी दुसऱ्या रुग्णाला घेऊन निघालेली असू शकते. म्हणून १०८ ला फोन करायचाच, पण फोन ठेवून ओसरीवर वाट पाहत बसायचं नाही. जाणकार घरं दोन्ही करतात. १०८ ला कळवतात, स्वतःच्या वाहनाने निघतात आणि वाटेत गाठ पडेल तिथे रुग्णाला अॅम्ब्युलन्समध्ये हलवतात. तसं फोनवरच ठरवता येतं. फोनवर काय सांगायचं हे मात्र आधी लिहून ठेवावं. मळ्याला पत्ता नसतो. 'अमक्या अण्णांचा मळा' हे गावाला कळतं, पुण्यात बसलेल्या नियंत्रण कक्षाला नाही. जिल्हा, तालुका, गाव, सडकेवरची ठळक खूण, तिथून डावं-उजवं, सडकेवर बॅटरी घेऊन कोण उभा राहील, इतकं ओट्याच्या भिंतीवर रंगाने लिहिलं तर कोणालाही वाचता येतं. रावेर किंवा शिरपूरच्या उत्तरेला सीमेजवळ मोबाइल कधी कधी मध्य प्रदेशातल्या टॉवरवर चढतो, म्हणून पहिलं वाक्य जिल्ह्याच्या नावाचं असावं. आणि घराच्या कोणत्या कोपऱ्यात, कोणत्या कंपनीची रेंज येते हे शोधून ठेवावं. मळ्यात रेंज बहुधा गच्चीवर असते, आणि गच्चीचा जिना बंद करून किल्ली पुण्याला गेलेली असते.

कुठे जायचं, हा प्रश्न नकाशावर सोपा वाटतो तितका नाही. पाटणादेवीच्या बाजूचं घर जळगाव जिल्ह्यात आहे, पण चाळीसगावहून जळगावपेक्षा धुळं जवळ पडतं, आणि धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं मोठं रुग्णालय आहे. घाट चढून कन्नडमार्गे छत्रपती संभाजीनगरला जाण्याचा विचार पावसाळ्यात जपून करावा. ऑगस्ट २०२१ च्या अखेरीस अतिवृष्टीने या घाटात दरडी कोसळल्या आणि वाहतूक बंद पडली. रावेरकरांना बऱ्हाणपूर जळगावपेक्षा जवळ आहे. यावल-चोपड्याकडच्या घराला चोपड्याचं उपजिल्हा रुग्णालय आधी, मग जळगाव, जिथे २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण अंतरावरून निर्णय करू नये. सर्पदंशाला लस हवी, मण्यारीला व्हेंटिलेटर हवा, पक्षाघाताला सीटी स्कॅन हवा, हृदयविकाराला निदान ईसीजी आणि गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन हवं. रात्री कोणती गोष्ट कुठे असते, हे जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा परिचारिकेला सुट्टीच्या पहिल्याच दिवशी जाऊन विचारावं. ते सांगतात. त्यांना असं विचारायला कोणी येत नाही, म्हणून जरा चकित होऊन सांगतात.

दुसरा आक्षेप: आमच्या घरात डॉक्टर आहे. असेल. पण हृदयविकाराच्या झटक्यात डॉक्टर जे घरी करू शकतो ते शिकलेला कोणीही करू शकतो, आणि जे डॉक्टरच करू शकतो त्याला दवाखाना लागतो. छातीत दाबल्यासारखं दुखतंय, डावा हात-जबडा भरून येतोय, घाम सुटलाय, असा माणूस अॅसिडिटी म्हणून सोडा पिऊन झोपवला जातो. भरिताच्या रात्री तर हे हमखास, कारण तेल आणि ठेचा दोन्ही दोषी म्हणून हजर असतात. ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी अशा वेळी ३०० मिलिग्रॅमची अॅस्पिरिन चावून घ्यायची की नाही, हे आपल्या डॉक्टरांना आधीच विचारून, कागदावर लिहून घ्यावं. हृदय बंदच पडलं तर दर मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटते. तिथे ना १०८ पोहोचते ना खाजगी गाडी. छातीच्या मध्यावर तळहाताची टाच ठेवून, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहणं, एवढंच हाती असतं. हे तासाभरात शिकता येतं. घरातल्या डॉक्टरनेच तो तास आखाजीच्या दुपारी सगळ्यांना द्यावा, सालदाराला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून. डॉक्टर स्वतःच खाली कोसळला तर दाबायचं कोणी? पक्षाघाताची लक्षणं, म्हणजे वाकडं तोंड, लटकलेला हात, अडखळती बोली दिसली तर घड्याळ बघून माणूस शेवटचा ठीक केव्हा होता ते लिहायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

आखाजीची गोष्ट निराळी, तिथे शत्रू ऊन. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे जातो हे साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. झोक्यावरची गाणी आणि आंब्याचा रस यांत म्हातारी माणसं दुपारी पत्र्याच्या खोलीत झोपतात. उष्माघातात माणूस बरळू लागतो, चालताना झोकांड्या जातात, अंग भट्टीसारखं तापतं. हा असा प्रसंग आहे जिथे निघण्याची घाई चुकीची ठरते. आधी थंड करायचं, मग न्यायचं. कपडे सैल करून अंगावर पाणी ओतत राहायचं, पंख्याने वारा घालायचा, काखेत आणि मानेला ओल्या घड्या ठेवायच्या. मळ्यात विहीर आणि मोटर असते, त्यामुळे पाण्याची ददात नाही. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही. मधुमेहींचं इन्सुलिन याच दिवसांत नासतं. कृषी फिडरवर चोवीस तास लाइट नसते आणि फ्रीज शोभेला उभा असतो. अशा वेळी कुपी पिशवीत बंद करून मातीच्या माठाच्या गारव्यात ठेवणं हा उपाय संशोधनातही टिकला आहे. बर्फात मात्र ठेवू नये, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. वाफेच्या मशीनवर अवलंबून असलेल्या दमेकऱ्याने पंप आणि स्पेसर बरोबर आणावा. त्याला वीज लागत नाही.

मुलांसाठी सगळ्यात फसवी जागा शेततळं. बांधलेल्या विहिरीला पायऱ्या तरी असतात. शेततळ्याच्या उतरत्या काठांवर प्लास्टिकचा कागद अंथरलेला असतो, ओला झाला की तो तेलासारखा निसटतो, आणि पोहता येणारा मोठा माणूसही बाहेर येऊ शकत नाही. वाचवायला उतरलेला दुसराही अडकतो. भोवती तारेचं कुंपण, आणि चारी बाजूंना खुंट्याला बांधून पाण्यात सोडलेले गाठी मारलेले जाड दोर, हवा भरलेली एक-दोन ट्यूब, याचा खर्च एका भरिताच्या जेवणाहून जास्त नाही. बुडालेल्याला बाहेर काढल्यावर उलटं टांगून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची.

औषधं, म्हणजे फवारणीची, हा कापसाच्या मुलखातला मोठा धोका, आणि पाहुण्यांना तो दिसतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसेक शेतकरी-मजूर दगावले. इथल्या मळ्यातल्या खोलीतही तीच औषधं असतात, कधी शीतपेयाच्या बाटलीत ओतून. फवारणारा घामाघूम होऊन लाळ गाळू लागला, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर कपडे उतरवून साबणाने अंग धुवायचं, ओकारी काढायची नाही आणि औषधाचा डबा लेबलासकट बरोबर न्यायचा. लेबलावरून उताऱ्याची दिशा ठरते. दुसरं म्हणजे धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या सल्फॉसच्या गोळ्या. हवेतल्या ओलाव्याने त्यांतून विषारी वायू सुटतो. सालभर बंद असलेल्या घरात कोठी आणि झोपायची खोली एकच असते. उत्साहाने उघडलेल्या त्या खोलीत गाद्या पडतात. ज्या खोलीत अशा गोळ्या ठेवल्या आहेत तिथे कोणी झोपायचं नाही, हा नियम करायला कोणाची परवानगी लागत नाही.

तिसरा आक्षेप बोलून दाखवत नाहीत, पण तो सगळ्यात चिवट आहे. सणाच्या दिवसांत दुखण्या-मरणाची भाषा कशाला? आमचे आजोबा याच मळ्यात नव्वदीपर्यंत जगले. ते जगले म्हणून आज त्यांचं नाव निघतं. त्याच मळ्यात जे पाचव्या वर्षी गेले त्यांची नावं घ्यायला कोणी उरलेलं नाही. आणि अपशकुनाचंच म्हणाल तर आपण कानबाईपुढे कुळाच्या रक्षणाचंच मागणं मागतो. भगताचा मुद्दा यालाच जोडून येतो. पावरा, भिल्ल, बारेला कुटुंबांतून आलेल्या सालदाराचा आपल्या भगतावर विश्वास असतो, आणि तो निव्वळ अडाणीपणा म्हणून झटकता येत नाही. कारण चावणाऱ्या सापांपैकी बरेच बिनविषारी असतात, विषारी सापही प्रत्येक वेळी विष सोडत नाही, आणि त्यामुळे भगताकडे गेलेले पुष्कळ जण बरे होऊन परततात. भगताशी वाद घालण्यापेक्षा त्यालाच गाडीत बसवून दवाखान्यात न्यावं. मंत्र गाडीतही म्हणता येतो. हे ठरवायची वेळ दंशानंतरची नाही, आधीची आहे.

शेवटचा आक्षेप पैशाचा आणि हिशोबाचा आहे. चार दिवसांच्या घरासाठी एवढं? हिशोब चार दिवसांचा धरला तर आक्षेप बरोबरच आहे. बारा महिन्यांचा धरला की गमबूट, मच्छरदाणी, शेततळ्याचे दोर, ट्रॅक्टरवाल्याशी बोलणं यांतलं एकही महाग वाटत नाही. आणि इथे एक गोष्ट मालकांनी तपासून पाहावी. सर्पदंश, विंचूदंश, विजेचा धक्का, बुडणं, फवारणीची विषबाधा यांत शेतकरी गेला तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या अपघात सानुग्रह अनुदान योजनेतून त्याच्या घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. पण ही योजना खातेदार शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्यापुरती आहे. पुण्यात बसलेला खातेदार तिच्यात बसतो, रात्री मोटर चालू करायला जाणारा भूमिहीन सालदार बसत नाही. त्याच्यासाठी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना आहे. वय १८ ते ७० हवं, बँकेत खातं हवं आणि हप्ता वर्षाला २० रुपये. अपघाती मृत्यूला भरपाई २ लाख. सर्पदंशाच्या दाव्याला तत्काळ घेतलेल्या दवाखान्यातल्या उपचारांची नोंद लागते, म्हणजे भगताकडून घरी आणलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्यांना तेही मिळणं अवघड. सालदाराचं साल आखाजीला बदलतं. वर्षाचा आकडा, धान्य, कपडे, उचल हे सगळं त्या दिवशी ओट्यावर बसून ठरतं. त्याच बैठकीत त्याच्या आणि त्याच्या बायकोच्या नावाचे दोन अर्ज भरून घ्यावेत, मोटरसायकलच्या पेट्रोलचा आणि मोबाइलच्या रिचार्जचा खर्च मालकाकडे हे बोलून घ्यावं, आणि रात्री-अपरात्री दवाखान्यात नेण्यासाठी मालकाच्या फोनची, परवानगीची किंवा पैशाची वाट पाहायची नाही, हे त्याला त्याच्या बायकोसमोर स्पष्ट सांगावं.